स्पिटफायरच्या मागच्या सस्पेन्शनविषयी मित्रास पत्र

धरमपेठ, नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरची, म्हणजे जुन्या ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स गाडीची, मागची सगळी रचना काढून टाकावी आणि तिथे स्टँडर्ड गॅझेल या देशी मोटारीची सरळ अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाके जोडणारा एकसंध दांडा, बसवावी, म्हणजे नागपुरातला कोणताही मिस्त्री गाडीला हात लावील, असे तू सुचवले आहेस. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने स्वतःच तसे केले होते, तेव्हा तुझ्या म्हणण्याला आधार आहेच. त्याच कंपनीच्या आधीच्या हेराल्ड गाडीची, स्पिटफायरसारखीच झुलती अॅक्सल, जिच्यात प्रत्येक चाक वेगळे वरखाली होते, ती आपल्याकडच्या मालकांना आणि मेकॅनिकांना कधी मानवली नाही, म्हणून १९७२ साली गॅझेल काढताना कंपनीने ती बदलून टाकली. तरीही मी तुझा सल्ला मानलेला नाही. त्यामागे जुन्या वस्तूविषयीची हळवी भावना आहे असे तुला वाटू नये, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्पिटफायरची चासी पाहिली आहेस का? मधोमध एक अरुंद कणा जातो आणि मागे डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीला, धरून संपतो. हेराल्डला बाजूने जे आडवे हात होते, तेही हिला नाहीत. गाडीचा ताठपणा बराचसा दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर, म्हणजे बॉडीवरच, अवलंबून आहे. अशा सांगाड्याला सरळ अॅक्सल धरून ठेवायला मागे मजबूत जागाच नाही. ती वेल्डिंग करून निर्माण करायची म्हटले, तर साठ वर्षांच्या पत्र्यावर असा भार टाकावा लागेल की ज्याचा हिशेब कोणी केलेला नाही. कंपनीचा हिशेब निदान तयार आहे, त्यातले दोषही ठाऊक आहेत आणि त्यांच्याशी जुळवून घेता येते.

माझी गाडी मार्क ३, म्हणजे १९६७ ते १९७० या काळातली, १२९६ सीसी इंजिनाची. हिच्या मागच्या बाजूला एकच आडवा कमानपाटा आहे. तो डिफरन्शियलच्या डोक्यावर मधोमध आवळलेला असतो आणि त्याची दोन टोके दोन्ही चाकांजवळच्या उभ्या लिंकांना बांधलेली असतात. प्रत्येक चाकाला डिफरन्शियलपासून एक हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, जातो आणि त्याच्या आतल्या टोकाला एकच क्रॉस, म्हणजे फिरता फिरता वाकणारा सांधा, असतो. चाक वरखाली होते ते त्या क्रॉसभोवती. पुढेमागे सरकू नये म्हणून एक रेडियस आर्म असतो आणि त्याचे पुढचे टोक चासीला नव्हे, तर आसनांमागे बॉडीच्या तळाला बोल्टने बसवलेले असते.

ही मांडणी एकदा नीट डोळ्यांपुढे आली, की नुसता पाटा बदलून का भागत नाही ते उमगते. इतर बहुतेक गाड्यांत क्रॉस चाकाला फक्त फिरवतो, पण इथे तो चाकाला जागेवर धरूनही ठेवतो. त्याच्यात ढिलाई आली, तर केवळ खडखड होत नाही, चाकाचा कलच बदलतो. रेडियस आर्मखालचा पत्रा गंजला, तर गाडीचे मागचे चाक आपल्या मर्जीने दिशा ठरवू लागते. म्हणून मी पाना हातात घेण्याआधी आसने आणि गालिचा काढून तळ ठोकून पाहिला. डाव्या बाजूचा पत्रा बरा निघाला. उजवीकडचा कापून नवा जाड पत्रा घालावा लागला, आणि हे काम बाकीच्या सगळ्या कामाच्या आधी उरकले याचे मला समाधान आहे.

डावी बाजू उतरवणे तसे सरळ होते. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, घेतली, शॉकअप, ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची तार सोडली, पाट्याचे टोक आणि डिफरन्शियलजवळचे चार बोल्ट काढले, की सगळा संच एकत्र हातात येतो. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. उभ्या लिंकच्या खालच्या सांध्यात नायलॉनचे बुश असतात आणि त्यांच्या आत पोलादी नळी. बोल्ट त्या नळीत गंजून असा एकजीव होतो की पाना फिरवला तर सगळेच फिरते. शेवटी तो करवतीने कापला. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, तर शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीसह घट्ट बसलेले असते. साधा तीन पायांचा पुलर लावला, तर हबचा कड वाकतो आणि हब सुटत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने जाड पोलादी पाटीचा पुलर करून दिला. ती पाटी चाकाच्या चारही स्टडांवर बसते, त्यामुळे ओढ सगळीकडे सारखी पडते.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सांगतो. आतल्या बाजूचे सुईबेअरिंग, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग, थेट शाफ्टच्या अंगावर चालते, त्याला स्वतःची आतली रिंग नसते. त्यामुळे बेअरिंग नवे घातले आणि शाफ्टवर चर पडलेला असला, तर खर्च पाण्यात जातो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हब या शाफ्टवरच बसलेले असल्याने टोकाजवळ शाफ्ट तुटला, तर चाक हबसकट निघून जाते. मी दोन्ही शाफ्टांची रंगद्रव लावून तडे शोधण्याची चाचणी करून घेतली. डावा निर्दोष निघाला. बाजारात या गाडीसाठी चकचकीत शॉकअप घेणारे पुष्कळ आहेत, शाफ्ट तपासणारे मात्र मला फारसे भेटले नाहीत.

पाट्याचे काम वाडी नाक्याकडे ट्रकचे पाटे ठोकणाऱ्यांकडे दिले. ही माणसे कसबी आहेत, पण ट्रकच्या सवयीने कमान जितकी उंच तितकी चांगली असे मानतात. आपल्या गाडीत ते घातक ठरते. मागची बाजू उंच राहिली, की दोन्ही चाके खालून आत ओढली जातात. भरवेगात वळणावर असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर बॉडी उचलली जाते, बाहेरचे चाक आणखी आत दुमडते आणि मागचा भाग घसरतो. या गाडीची जी बदनामी आहे ती एवढ्यावरून. १९७० च्या मार्क ४ पासून कंपनीने पाट्याचे एकच पान आवळून बाकीची पाने मधल्या खिळीवर तराजूच्या दांडीसारखी डोलती ठेवली आणि पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, जाड केला. वळणातली खोड त्याने बरीच गेली. तो पाटा परदेशातून मागवावा असे मनात होते, परंतु त्याचा खर्च माझ्या हिशेबात बसला नाही. मी प्लायवुडवर कमानीचा नेमका आकार आखून दिला आणि त्यापेक्षा जास्त वाकवू नका असे बजावले. दोन माणसे बसल्यावर चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. ओळंब्याने ते घरीच तपासता येते.

रबरी बुशांविषयी तू विचारले होतेस. नागपूरचा मे महिना रबराला मानवत नाही हे खरे, तरी रेडियस आर्मला मी रबरच घातले, कारण तिथे बुश पिळला जाणे अपेक्षित आहे आणि कडक पॉलियुरेथेन ते सहजी करू देत नाही. या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन टाकूनच शेवटचे आवळायचे. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. इथले बहुतेक मिस्त्री याकडे दुर्लक्ष करतात.

उजव्या बाजूचा हाफ शाफ्ट मात्र बाद आहे. सुईबेअरिंग चालते तिथे नख अडकेल एवढा चर पडला आहे. हेराल्डची मागची रचना याच घराण्यातली, म्हणून तुला एक काम सांगतो. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक फेरी मार आणि हेराल्डचा हाफ शाफ्ट मिळतो का पाहा. सोबत पाठवलेल्या कागदावर लांबी, क्रॉसच्या वाटीचा व्यास आणि टोकाचा निमुळता भाग यांची मापे आहेत. मापे जुळल्याशिवाय पैसे देऊ नकोस, दुकानदार "बसतं साहेब, सगळ्यांना बसतं" म्हणाला तरीही नाही. बेअरिंग चालते त्या जागेवरून नख फिरवून बघ. अडकले तर ठेवून ये. शाफ्ट मिळाला तर रेल्वे पार्सलने न पाठवता येताना स्वतः घेऊन ये, म्हणजे उजवी बाजू आपण दोघे मिळून चढवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र