सीडीवरच्या इंद्रधनुष्याला मोजपट्टी लावा

महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत 'प्रकाशाचे व्यतिकरण' (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळणं) असा फलक लागतो, खाली सीडीवर टॉर्च मारून इंद्रधनुष्य दाखवतात आणि परीक्षक 'छान' म्हणून पुढच्या टेबलाकडे वळतात. त्याच सीडीने प्रकाशाची तरंगलांबी साध्या मोजपट्टीवर काढता येते, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. कोल्हापूर शहरातल्याच नव्हे, गगनबावडा-आजऱ्याकडच्या प्रयोगशाळा नसलेल्या शाळांनाही हे जमेल, म्हणून कृती लिहीत आहे.

लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या सीड्या घरोघरी पडून आहेत. त्यातली सीडी-आर (एकदा रेकॉर्ड करता येणारी सीडी) घ्या, डीव्हीडी नको. सीडीच्या खाचा 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असतात, डीव्हीडीच्या 0.74, तिचा लाल ठिपका 61 अंशांवर जातो आणि भिंत पुरत नाही. छापील बाजूवर ब्लेडने चरा मारा, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चंदेरी थर सुटून येतो. उरलेला हिरवट-निळसर रंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. थिनर लावू नका, प्लास्टिक दुधाळ होतं. सोललेल्या बाजूला बोट लागू देऊ नका. खाचा तिथेच असतात; बोटाचं तेल त्यांत भरलं की ठिपके फिके पडतात.

सीडी भिंतीला समांतर, बरोबर 1 मीटरवर उभी करा. 650 नॅनोमीटरचा, 1 मिलिवॉटपेक्षा कमी ताकदीचा लाल लेझर पॉइंटर पुस्तकांवर ठेवून बटणाला कपड्यांचा चिमटा लावा. घड्याळात 3 चा आकडा असतो तिथून, कडेजवळून किरण जाऊ द्या. तिथे खाचा जवळपास उभ्या-सरळ असल्याने ठिपके आडव्या ओळीत पडतात. शेजारच्या खाचांतला प्रकाश बरोबर एका तरंगलांबीने मागेपुढे होतो तिथे पहिला ठिपका उमटतो: भिंतीवरच्या मधल्या, सरळ गेलेल्या ठिपक्यापासून 44.5 सेंटिमीटर. दुसरा 1.39 मीटरवर. तिसरा शोधू नका, त्यासाठी कोनाचा साइन 1 च्या वर जावा लागेल, जे अशक्य आहे. डावं-उजवं अंतर सारखं नसेल तर सीडी तिरकी आहे.

घोटाळा होतो तो गणितात. दोन फटींच्या प्रयोगाचं पाठ केलेलं सूत्र लावून 44.5 ला 100 ने भागलं आणि 1600 ने (खाचांमधलं अंतर, नॅनोमीटरमध्ये) गुणलं, की उत्तर 712 नॅनोमीटर येतं आणि प्रयोग फसला असं वाटतं. प्रयोग बरोबरच असतो. ते सूत्र लहान कोनांपुरतं आहे, इथे कोन 24 अंशांचा. 100 ऐवजी कर्णाने, म्हणजे सीडीपासून ठिपक्यापर्यंतच्या तिरक्या अंतराने, 109.5 ने भागा आणि 1600 ने गुणा: 650. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या क्षणी बघावा.

सीडीवरून ठिपके मागेही परततात, तेव्हा पॉइंटरच्या बाजूला मुलांना बसवू नका.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला परीक्षकांनी अशा प्रत्येक टेबलापाशी 'किती नॅनोमीटर आले?' एवढं विचारावं आणि वहीतली आकडेमोड बघूनच गुण द्यावेत, ही विनंती.

– एक विज्ञानप्रेमी वाचक, कोल्हापूर