‘ॲलर्जी’च्या नोंदीपुढे तपशीलही हवा

महोदय,

ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईच्या केसपेपरवर लाल शाईने ‘मॉर्फिन ॲलर्जी’ (मॉर्फिन म्हणजे अफूवर्गीय तीव्र वेदनाशामक) असे लिहिलेले असल्याने, रात्रभर ती पोट धरून कण्हत असतानाही तिला पॅरासिटामॉलपलीकडे काहीच देण्यात आले नाही. पूर्वी हे इंजेक्शन दिल्यावर तिला केवळ मळमळ झाली होती आणि नाकाला खाज सुटली होती, हे कोणी विचारलेच नाही.

मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी हे अफूवर्गीय औषधांचे अपेक्षित दुष्परिणाम आहेत. मॉर्फिन आणि कोडीन यांच्यामुळे शरीरातील पेशींतून हिस्टामिन हे रसायन थेट बाहेर पडते, म्हणून येणारी खाज वा लाली ही बहुतेक वेळा खरी ॲलर्जी नसते. खरी ॲलर्जी विरळाच. मात्र औषधानंतर घसा वा जीभ सुजली, धाप लागली, रक्तदाब कोसळला, तर तो इशारा गंभीरपणेच घ्यायला हवा, यात दुमत नाही. अशा वेळीही फेंटानिलसारखे, रचनेने वेगळे आणि हिस्टामिन फारसे न सोडणारे वेदनाशामक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली विचारात घेता येते. वेदनेने रुग्ण नीट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही आणि त्यातून न्यूमोनियाचा धोका वाढतो, म्हणून हा केवळ सोसण्याचा प्रश्न नाही.

रुग्णालयांनी केसपेपरवर ‘ॲलर्जी’पुढे औषधाचे नाव, नेमका त्रास, तो किती वेळाने झाला आणि कोणते उपचार लागले, एवढे तरी लिहावे, आणि नातेवाइकांनी डिस्चार्ज कार्डावर ते तपासून घ्यावे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे