सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका हो

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी फोंड्यातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो, नाव देत नाही. रोज संध्याकाळी पिग्मी एजंट पैसे भरून गेले की पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आमचा एक छोटा प्रोग्रॅम दिवसभराच्या नोंदी नेटवरून मेन सर्व्हरला पाठवतो. परवा तो सहज उघडून बघितला आणि पोटात गोळाच आला. आत लिहिलेलं, व्हेरिफाय इक्वल टू फॉल्स, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणी बंद, आणि खालच्याच ओळीत त्याबद्दल येणारी वॉर्निंगसुद्धा बंद करून टाकलेली.

म्हणजे काय ते सांगतो. नेटवरून माहिती सुरक्षित पाठवायची पद्धत म्हणजे एचटीटीपीएस. तिची कामं दोन, मजकूर कुणाला वाचता येऊ नये असा करणं आणि समोरचा सर्व्हर खरंच आपलाच आहे ना हे त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, बघून ठरवणं. दुसरं बंद केलं की पहिल्याला अर्थच राहत नाही. पाकीट लाख लावून बंद केलं पण घ्यायला आलेला माणूस कोण ते विचारलंच नाही, तसं. वायफायवर मध्येच बसलेला कोणीही बनावट सर्टिफिकेट पुढे करणार, प्रोग्रॅम ते मुकाट घेणार, आणि खातेदारांची नावं, खाते नंबर, रकमा सगळं त्याच्याकडे.

वाईट याचं वाटतं की हीच चूक खुद्द पायथॉनमध्ये कितीतरी वर्षं होती. त्याच्या स्वतःच्या नेटवर्क लायब्ररी, म्हणजे नेटशी बोलायचा तयार कोड (एचटीटीपीलिब, यूआरएललिब वगैरे), सर्टिफिकेट आपणहून तपासतच नव्हत्या. डिसेंबर २०१४ मध्ये पायथॉनचं २.७.९ व्हर्जन आलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ३.४.३, तेव्हा कुठे तपासणी आपोआप व्हायला लागली. त्यामुळे काही चालू प्रोग्रॅम बंद पडणार हे पायथॉन करणाऱ्यांना माहीत होतं तरी त्यांनी ते केलं, आणि मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं. आणि आपण काय करतो, एक ओळ टाकून स्वतःच्या हाताने २०१४ च्या मागे जाऊन बसतो.

प्रोग्रॅम करून देणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, एरर येत होती म्हणून बंद केलं. एरर का येत होती ते शोधायला मला अर्धा दिवस लागला. पावसात लाईट गेली की त्या जुन्या पीसीचं घड्याळ २०१० ला जायचं, कारण मदरबोर्डवरचा बटण सेल मेलेला. सर्टिफिकेट आत्ताचं, पीसीची तारीख २०१०ची, मग ते अजून लागूच झालेलं नाही असं पीसी म्हणणारच ना. सेल बदलला, तारीख नीट केली, त्या दोन्ही ओळी काढल्या, प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला.

गोव्यात अशा पतसंस्था, मेडिकल स्टोअर, हॉटेलं कितीतरी आहेत जिथे कोणीतरी ओळखीच्या मुलाने करून दिलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चाललाय आणि आत काय आहे ते मालकाला ठाऊक नाही. त्यांनी त्या मुलाला बोलावून एवढंच विचारावं, सर्टिफिकेट तपासणी चालू आहे का, दाखव. आपल्या पेपरात याची माहिती सोप्या भाषेत छापलीत तर फार बरं होईल.

आपला नेहमीचा वाचक,
फोंडा