पुण्याचा विषय मी काढला नाही

पर्थ,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं फोनवर कळवलंच आहे. पण फोनवर आई "जेवलीस का?" विचारते, बाबा "घे, आईशी बोल" म्हणतात, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

आधी मुद्द्याचं सांगते. तुम्हाला या खेपेला पुण्याला हलवायचंच, असं माझं नि दादाचं ठरलं होतं. त्याच्या सोसायटीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होतोय, चिपळूणचं घर विकायचं की कुलूप लावून ठेवायचं, इथपर्यंत आमचं बोलणं झालं होतं. बाबांना बहुतेक वास लागला होता. मी जरा गंभीर चेहरा करून बसले की ते पिशवी उचलून मच्छी मार्केटला निघायचे.

मला ते घर नको होतं, कारण २२ जुलै २०२१ अजून डोक्यातून गेलेली नाही. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरलेली मी इथे मोबाईलवर बघत होते आणि तुमचा फोन लागत नव्हता. येणार तरी कशी? आमच्या राज्याची सीमा कोरोनामुळे ३ मार्च २०२२ पर्यंत बंद होती, ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या राज्यातून इथे यायचं तरी परवानगी काढावी लागायची. २००५ चं पाणी मी घरात उभी राहून पाहिलं होतं. हे त्याच्याही वर गेलं.

आता आईच्या यादीबद्दल. कालनिर्णयाच्या पानामागे तिने लिहून ठेवलं होतं: कुणाकडे जेवण, कुणाकडे चहा, कुणाकडे नुसतं पाया पडून यायचं. खरं सांगू, मी वैतागले होते. इतक्या वर्षांनी यायचं आणि दारोदार पोहे खात फिरायचं! प्रत्येक घरात तेच प्रश्न: तिकडे आता किती वाजले, मुलांना मराठी येतं का, कांगारू दारात येतात का. ओट्यांचे नारळ आणि तांदूळ इतके साठले की मी ते तिथेच ठेवून आले. इथल्या विमानतळावर तांदूळ आत येऊच देत नाहीत.

पण त्या पोह्यांबरोबर बरंच काही कळलं, जे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. माडीवरच्या काकांनी सांगितलं, पाणी चढायला लागल्यावर आई देव्हाऱ्यातले देव आणि मसाल्याचा डबा घेऊन वर आली, दागिने खालीच. आणि बाबा निम्म्या जिन्यावरून परत खाली गेले, कशासाठी, तर वाचन मंदिराचं पुस्तक टेबलावर राहिलं होतं म्हणून! बाबा, तिकडे वाचन मंदिरातच पाणी शिरलं होतं. १८६४ पासूनच्या त्या वाचनालयाची किती पुस्तकं भिजली, आणि तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात एक पुस्तक सोडवायला गेलात. काका हसून सांगत होते. मला हसू आलं ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

मावशींकडे जाणं मी टाळत होते. त्यांचे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले तेव्हा मी हात जोडलेलं चित्र आणि दोन ओळी पाठवल्या होत्या. एवढ्या उशिराने समाचाराला जाऊन बोलायचं काय? त्यांनी काही बोलायची वेळच येऊ दिली नाही. "तुझी आई रोज पाच वाजता येते," म्हणाल्या. "फार बोलत नाही. भाजी घेऊन येते आणि इथे बसून निवडते." मग म्हणाल्या, "तुमच्याकडची भाजी मी चिरलेली असते, हे तुला ठाऊक नसेल." आई, हे तू मला फोनवर कधी म्हणाली नाहीस. त्या घरातून बाहेर पडले तेव्हाच पुण्याचा विषय संपला होता. पाच वाजता तिथे कोण बसणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि दादाकडेही नाही. मी त्याला कळवलंय. तो चिडलाय, पण होईल शांत.

मात्र घर ठेवायचं तर माझ्या अटी आहेत. वाशिष्ठीतला गाळ काढलाय, आता पाणी यायचं नाही, असं बाबा छातीठोकपणे सांगतात. गाळ काढला हे खरं. पण कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, कोळकेवाडी धरणातून त्याच नदीत येतं आणि खाडीची भरतीही तीच नदी अडवते. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली तर पाणी जाणार कुठे? तेव्हा रेड अलर्ट आला की पाण्याची वाट न बघता त्याच दिवशी टेकावर आत्याकडे. तिच्याशी माझं बोलणं झालंय, ती खोली मोकळी ठेवणार आहे. घराची कागदपत्रं, पासबुकं, पेन्शनची फाईल आत्तापासूनच तिच्या कपाटात ठेवा. इन्व्हर्टर माडीवर न्या, माडीवरचे काका हो म्हणालेत. आणि आई, गुडघा दाखवायला पावसाआधी डेरवणला जाऊन ये. "थंडीने दुखतो" हे मी ऐकून घेणार नाही. चिपळुणात कसली आलीय थंडी!

सगळ्यात आधी मीटर आणि स्विचबोर्ड. २०२१ च्या खुणेच्या हातभर वर बसवायचे. वायरमनला पैसे देऊन आले आहे, तो शिमग्यानंतर येतो म्हणालाय. काम झालं की फोटो पाठवा, आणि भिंतीला टेप लावून काढा. बाबांच्या "बरंच वर घेतलंय" यावर माझा भरवसा नाही.

मुलांचा साष्टांग नमस्कार. ह्यांचाही.

तुमची,
लेक