वनमंत्री साहेब, आगीचा मेसेज जातो तसा धुराचाही पाठवा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातली, कामासाठी नागपूरला असते, नकाशे आणि सॅटेलाइट डेटा हेच माझं रोजचं काम. मागच्या एप्रिलमध्ये गावी गेले होते. पहाटे साडेचारला आई उठून बसली, दम्याचा पंप दोनदा घेतला तरी छातीतली घरघर थांबेना, दार उघडून बघितलं तर अंगणातला आंबासुद्धा दिसत नव्हता इतका धूर, आणि आसपास जाळ मात्र कुठेच नाही.

उजाडल्यावर एका ऑफिसात फोन लावला तर म्हणाले, आमच्या हद्दीत आग नाहीये. ते खरंच बोलत होते. मग मोबाइलवर नासाची सॅटेलाइट फोटोंची वेबसाइट वर्ल्डव्ह्यू उघडली, फुकट आहे ती, कोणालाही बघता येतं. आदल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराचा फोटो होता, छत्तीसगडकडच्या डोंगरांवर लाल ठिपके आणि तिथून निघालेला निळसर राखाडी पट्टा, तोंड आमच्याकडे. म्हणजे आईच्या छातीत पहाटे शिरलेला धूर वरून पंधरा तास आधी दिसला होता साहेब, आणि गावात कोणालाच कळलं नाही.

आगीसाठी आपल्याकडे व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे हे आधी सांगते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून सॅटेलाइटवरून आगीचे अलर्ट देतंय, आधी मोडिस सेन्सरवरून, ज्याचा एक ठिपका एक किलोमीटरचा, आणि आता व्हिअर्सवरूनही, त्याचा 375 मीटरचा. ठिपका पेटला की वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज येतो आणि तो बिचारा पाला उडवायचा ब्लोअर घेऊन धावतो. पण धूर कुठे चाललाय हा मेसेज ना त्याला येत, ना आरोग्य केंद्राला, ना ग्रामपंचायतीला.

धुराचा माग काढणं आगीपेक्षा अवघड आहे, मान्य. आपल्याकडे झाडांचे शेंडे सहसा पेटत नाहीत, जळतो तो खालचा पालापाचोळा, त्यामुळे कॅनडासारखे धुराचे डोंगर उभे राहत नाहीत, धूर खालीच रेंगाळतो. रात्री जमिनीजवळची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर सखल भागात साचून राहतो. नेमका त्याच वेळी साधा फोटो काढायला सूर्यप्रकाश नसतो, आणि रात्री चालणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला धूर जवळपास पारदर्शक दिसतो. शिवाय सॅटेलाइट वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र मोजतं, नाकाजवळ किती आहे ते वेगळं सांगत नाही. म्हणून दिवसाचे फोटो, रात्रीच्या वाऱ्याचा अंदाज आणि जमिनीवर हवा मोजणारी काही मशीन, हे तिन्ही जोडावं लागतं. यातले फोटो तर आपलेच आहेत. इन्सॅट 3डीआर आणि 2024 च्या फेब्रुवारीत सोडलेलं इन्सॅट 3डीएस ही आपली हवामानाची सॅटेलाइट दिवसभर भारतावर नजर ठेवून असतात, अर्ध्या अर्ध्या तासाचे फोटो एकामागोमाग लावले की धूर कुठून कुठे सरकतोय ते कळतं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर विरळ धूरसुद्धा चमकून दिसतो, दुपारी तोच नजरेतून सुटतो.

आणि हे काम जमत नाही असंही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 पासून दिल्लीसाठी हवेचा आगाऊ इशारा देणारी सिस्टिम चालवलीय, पंजाब-हरियाणात शेतात जाळलेल्या पराळीचा, म्हणजे भाताच्या काडाचा, धूर दिल्लीत किती येईल याचा त्यात हिशोब असतो. महाराष्ट्रातली संस्था दिल्लीच्या धुराचं सांगते याचा अभिमानच आहे मला, पण गडचिरोलीतल्या माणसाची फुफ्फुसंही तशीच आहेत ना. अमेरिकेत तर नोआ या सरकारी हवामान संस्थेची माणसं रोज सॅटेलाइटचे फोटो बघून धुराची हद्द हाताने आखतात, विरळ, मध्यम, दाट अशी. जून 2023 मध्ये कॅनडाच्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश केशरी झालं तेव्हाही हे नकाशे रोज निघत होते.

माझी मागणी छोटी आहे. वनविभागाचं मुख्यालय, राज्याचं रिमोट सेन्सिंग सेंटर आणि हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र, तिन्ही नागपुरातच आहेत. फेब्रुवारी ते जून या तिघांचं मिळून एक टेबल सुरू करा. रोज संध्याकाळी पाचपर्यंत धुराची हद्द आखायची, रात्रीचा वारा बघायचा, आणि ज्या तालुक्यांत पहाटे धूर उतरेल तिथल्या आरोग्य केंद्राला, आशाताईंना, आश्रमशाळांना सोप्या मराठीत मेसेज टाकायचा. छत्तीसगड आणि तेलंगणाकडची आगही त्यात धरायची, धूर काही नाक्यावर थांबत नाही. मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला आमच्या बाया पहाटे अंधारातच जंगलात शिरतात, आदल्या रात्री मेसेज आला तर निदान दमेकरी बाई तरी त्या दिवशी घरी थांबेल.

एक विनंती मात्र मनापासून आहे. हे नकाशे मोह वेचणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला वापरू नका. मोहाखालचा पाला लोक जाळतात कारण फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत, झाडाखाली अंथरायला जाळ्या द्या, आग आपोआप कमी होईल. गुन्ह्याची भीती बसली तर धूर दिसला तरी कोणी फोन करणार नाही.

मागच्या एप्रिलचे सगळे फोटो तारखेनुसार लावून ठेवलेत. आपल्या विभागातलं कोणी बघायला तयार असेल तर कधीही वनभवनात घेऊन येते, आणि ते टेबल सुरू झालं तर पहिला महिना माझं काम सांभाळून संध्याकाळी विनामोबदला बसायची माझी तयारी आहे.

आपली,
कुरखेडा तालुक्यातली एक लेक