पोटगीची थकबाकी आणि एक वर्षाची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विभक्त झालेल्या दांपत्यांच्या मुलांना मंजूर झालेली पोटगी आमच्या दारव्हा तालुक्यातील खेड्यांत अनेकदा कागदावरच राहते, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. मुले आईच्या माहेरी असतात, आई निंदण-वेचणीच्या मजुरीवर त्यांना पोसते आणि बाप न्यायालयात सांगतो की, सातबारा वडिलांच्या नावाचा आहे, माझे उत्पन्न काहीच नाही. प्रत्यक्षात शेत तोच वाहतो आणि कापूसही तोच विकतो. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे केले आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही दिला. तो काटेकोरपणे भरून घेतला, तर ही पळवाट बरीच अरुंद होईल.

खरी फसगत वसुलीत होते. "हंगाम निघाल्यावर देतो," असे बाप सांगतो. आई दिवाळीपर्यंत थांबते, मग सोयाबीनला भाव नाही म्हणून तुरीपर्यंत थांबते. जूनमध्ये वह्या-दप्तर मात्र उसनवारीवरच येते. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वसुलीचे वॉरंट निघत नाही, ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील अट तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही कायम आहे आणि ती या बायांना कुणी सांगितलेलीच नसते. नापिकीने बाप खरोखर खचला असेल, तर परिस्थिती बदलल्याचे दाखवून रक्कम कमी करून मागण्याची सोय कायद्यात आहे. देणे परस्पर बंद करण्याची नाही. "पोराला भेटू देत नाही, मग पैसे कशाला?" हेही उत्तर चालणार नाही, कारण भेटीसाठी स्वतंत्र दाद मागता येते आणि मुलाचे पोट त्या निकालापर्यंत थांबत नाही.

स्त्रिया व मुलांना १९८७ च्या कायद्याने मोफत विधी सहाय्य मिळते. तेव्हा तालुका विधी सेवा समितीने प्रत्येक पोटगी आदेशासोबत ही एक वर्षाची अट सोप्या मराठीत छापून द्यावी आणि वसुलीचा अर्ज स्वतः लिहून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका तारखेसाठी या बाईची दिवसाची मजुरी बुडते. अर्ज कुठे आणि कसा करायचा हे विचारण्यासाठी तरी तिला आणखी खेपा घालायला लावू नयेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ