बाबा, स्टेंट धातूचाच घालून घ्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "आता माझ्यावर आणखी खर्च कशाला?" तेव्हा मला रडूच यायला लागलं, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू वाचून दाखव त्यांना.

बाबा, तुमची ही कावीळ नेहमीची नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याशी असलेल्या गाठीने पित्तनलिका दाबून बंद केलीय. लिव्हर पित्त बनवतंय, पण ते आतड्यात उतरत नाही, रक्तात साचतं. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट. आणि ती खाज! मागे आले तेव्हा मध्यरात्री तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होतात. आईने खोबरेल चोळलं, पावडर लावली, पण आतूनच येणारी खाज त्याने कशी थांबेल?

आई, पंचवटीतून काविळीचं औषध आणायचं म्हणत होतीस. तुझा जीव तुटतोय, कळतं मला. पण कुठल्याही मुळीने ही वाट मोकळी होणार नाही, उलट नको तो त्रास व्हायचा. आणि त्यांना नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर ठेवू नकोस गं, वजन आधीच किती उतरलंय.

डॉक्टर जे करणार आहेत त्याला ईआरसीपी म्हणतात. पोटावर काप नाही. गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि एक्स-रेवर बघत पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, सोडतात. प्लास्टिकची नळी जेमतेम ३ मिलिमीटरची, साधारण ३ महिन्यांत गाळाने तुंबते, मग पुन्हा ॲडमिट व्हा, पुन्हा दुर्बीण. धातूचा स्टेंट म्हणजे निकेल-टायटॅनियमची जाळी. आत नेताना ती बारीक नळीत मिटलेली असते, जागेवर सोडली की आपोआप फुलते, ८ ते १० मिलिमीटरपर्यंत. ती बरेच महिने टिकते. महाग आहे, पण दर वेळच्या खेपा आणि तुमचे हाल मोजले तर मला प्लास्टिकचा विचारसुद्धा करवत नाही.

बाबा, तुमच्यापासून लपवणार नाही: स्टेंटने कॅन्सर बरा होत नाही. गाठ जाळीतून आत वाढून तोही कधी तुंबू शकतो, मग आत दुसरा घालतात. पण खाज थांबेल, चार घास गोड लागतील, आणि बिलिरुबिन, म्हणजे रक्तात साचलेलं काविळीचं पिवळं द्रव्य, उतरलं की किमो सुरू करता येईल. आज ते इतकं चढलेलं असताना किमो देता येत नाही. तुम्हाला रात्रभर शांत झोप लागावी, एवढ्यासाठीही मी तो घालाच म्हटलं असतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. पित्त अडल्याने रक्त गोठायलाही वेळ लागतो, त्यासाठी ते व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतील. नंतर पोटात कळ येऊन पाठीकडे गेली, उलट्या झाल्या, तर लगेच कळवा. आणि आई, हे नीट लक्षात ठेव: थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग फार झपाट्याने अंगात पसरतो. दादाला उठव, सिडकोतून इंदिरानगरला यायला त्याला वेळ लागत नाही.

मी शनिवारी पोचतेय. पैशांचं मी आणि दादा बघतो. सीटी स्कॅनची सीडी, रक्ताचे रिपोर्ट आणि पॉलिसीचे कागद एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनू